वेशीपासून तीन गल्ल्या

शिकागोजवळच्या उपनगरात घर घ्यायचं ठरवलं तेव्हा ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू झाले. सल्ला सगळ्यांचा एकच. नेपरव्हिल बघा, नाहीतर शॉमबर्ग, अरोरा. शाळा चांगल्या, देसी दुकान हाताशी, घरं नवी, बेसमेंट कोरडं. आम्ही "ओक पार्क" म्हटलं की पलीकडे जरा शांतता व्हायची आणि मग प्रश्न यायचा, "ऑस्टिनपासून किती ब्लॉक?"

मला आधी वाटलं, स्टेशनाबद्दल विचारतायत. शिकागो मेट्रोच्या ग्रीन लाइन आणि ब्लू लाइन, दोन्हींवर ऑस्टिन नावाचं स्टेशन आहे. नवऱ्याला तर कौतुकच वाटलं, थंडीत चालावं लागेल म्हणून लोक किती काळजी करतात! चौथ्या-पाचव्या फोनला आमची ट्यूब पेटली. प्रश्न अंतराचाच होता, फक्त ते जास्त असायला हवं होतं.

ऑस्टिन बुलेव्हार्ड हा एक साधा, झाडांचा, दुहेरी वाहतुकीचा रस्ता. पूर्वेच्या फुटपाथावर शिकागो शहर, पश्चिमेच्या फुटपाथावर ओक पार्क. त्या बाजूला ऑस्टिन नावाचीच वस्ती आहे, लाखाच्या आसपास माणसं, बहुसंख्य कृष्णवर्णीय. दोन्हीकडे तशाच विटांच्या इमारती, तीच मेपलची झाडं. नकाशा हातात नसेल तर कुठलं गाव कुठलं, हे ओळखता येणार नाही. पण गाडीतून जाणाऱ्याचा हात दाराच्या लॉककडे कधी जातो, ते बघितलं की कळतं.

मी मुलुंडची, त्यामुळे हे सगळं मला नवं नव्हतं. आमच्या चेकनाक्यावर मुंबई संपते आणि ठाणं सुरू होतं. अलीकडे बेस्ट, पलीकडे टीएमटी. इकडे एमएच ०३ ची रिक्षा, तिकडे एमएच ०४ ची, आणि रिक्षावाला कितीही गोड माणूस असला तरी नाक्यावर उतरवणार म्हणजे उतरवणार. २०१७ मध्ये जकात गेली तोवर ट्रकांची रांग लागायची. नाक्यापलीकडच्या इमारतींच्या जाहिरातीत "मुलुंडला लागून" हे शब्द इमारतीच्या नावापेक्षा मोठे असायचे. आणि आम्ही मुलुंडकर मात्र कुणी "ठाण्याला लागून" म्हटलं की तोंड वाकडं करायचो. नाक्याजवळ राहणाऱ्याला आपण नेमके कुठल्या बाजूचे, हे जरा जास्तच ठासून सांगावं लागतं.

तर २०१२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही ऑस्टिनपासून तीन गल्ल्यांवर घर घेतलं. १९२४ चं बंगलो. इथे बंगलो म्हणजे आपल्या मनात येतो तसा बंगला नव्हे; दीड मजली, विटांचं, अरुंद आणि लांब, पुढे दगडी पायऱ्या, मागे गॅरेज आणि त्यामागे कचऱ्याची गल्ली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत शिकागोभोवती अशी हजारो घरं उठली. घेतलं ते मुख्यतः खिशाकडे बघून. ऑस्टिनला समांतर, गावाच्या आतून जाणारा रस्ता म्हणजे रिजलंड अव्हेन्यू. त्या एका प्रश्नामुळे रिजलंडच्या पूर्वेची घरं पश्चिमेपेक्षा स्वस्त मिळायची. तत्त्व वगैरे मागाहून सुचलं.

ओक पार्क कागदोपत्री अजूनही 'व्हिलेज' आहे. पन्नास हजारांहून जास्त वस्ती, दोन मेट्रो लाइन, तरी खेडं. म्हणून मी ऑस्टिनला वेस म्हणते. ही वेस पडली कशी, ती गोष्ट भाऊबंदकीची आहे. एके काळी ऑस्टिन, ओक पार्क, बर्विन, सिसेरो हे सगळं मिळून सिसेरो टाउनशिप होती. १८९९ मध्ये मतदान झालं आणि बाकीच्यांनी ऑस्टिन शिकागोला देऊन टाकलं. खुद्द ऑस्टिनकरांनी विरोधात मत दिलं होतं, पण त्यांना मोजतो कोण! त्यानंतर ओक पार्कनेही चूल वेगळी मांडली आणि १९०२ मध्ये स्वतंत्र गाव झालं. म्हणजे आज ज्या रस्त्याला लोक निसर्गाने काढलेली रेघ समजतात, ती एका वाटणीपत्राची रेघ आहे. मत जरा इकडचं तिकडे झालं असतं तर आमचं घरही शिकागोत असतं, किंवा ऑस्टिन आमच्यात.

पर्यटक या बाजूला येत नाहीत. ते गावाच्या पश्चिमेला येतात. तिथे वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटचं घर आणि स्टुडिओ आहे, त्याने बांधलेली घरं ओळीने उभी आहेत, त्याचं युनिटी टेंपल २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. लेखक हेमिंग्वेचा जन्मही तिथलाच. पाहुणे आले की आम्हीही नेतो, फोटो काढतो, परत येतो.

मला या गावाची गोष्ट दुसऱ्याच एका घरापासून सुरू होते असं वाटतं. पर्सी ज्युलियन हे मोठे रसायनशास्त्रज्ञ. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, नातू १९३५ मध्ये काचबिंदूवरचं फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत तयार करणारा. सोयाबीनपासून हार्मोन बनवण्याचं त्यांचं काम तर पुढे असंख्य रुग्णांच्या उपयोगी पडलं. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कात घर घेतलं. कुटुंब राहायला यायच्या आधीच, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, कुणीतरी घराला आग लावायचा प्रयत्न केला. पुढच्या जूनमध्ये घरावर डायनामाइट फेकलं गेलं. ज्युलियन गेले नाहीत. आज गावातल्या दोन मिडल स्कूलांपैकी एक त्यांच्या नावाची आहे. माझा लेक तिथे शिकला. सहावीत त्याने त्यांच्यावर पोस्टर केलं होतं. रेणूची रचना सुंदर काढली होती आणि कोपऱ्यात छोटासा बाँब. बाईंनी बाँबही ठेवू दिला, हे मला आवडलं.

डायनामाइटच्या गावापासून पोस्टरच्या गावापर्यंत ओक पार्क आपोआप आलं नाही. त्यासाठी पलीकडे ऑस्टिनचं काय झालं ते बघावं लागतं.

१९३० च्या दशकात सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. जिथे कृष्णवर्णीय राहत त्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जाला धोकादायक. सरकारी हमी नाही, मग बँकेचं कर्जही नाही. अशा कुटुंबांना घर घ्यायचं तर दलालाकडून हप्त्यावर. सगळे हप्ते फिटेपर्यंत घर नावावर होत नसे आणि एक हप्ता चुकला की घरही गेलं, आधी भरलेले पैसेही. दलालांना हे दोन्हीकडून सोयीचं होतं. गोऱ्यांच्या गल्लीत एखादं घर विकलं जायचं, मग शेजाऱ्यांना फोन: "ते लोक आले बरं का, भाव पडायच्या आत विका." काही ठिकाणी तर कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत गल्लीतून फिरवल्याच्याही नोंदी आहेत. घाबरलेल्याकडून पडत्या भावात घ्यायचं आणि अडलेल्याला चढ्या भावात विकायचं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ही लाट ऑस्टिनमध्ये शिरली आणि दहा-पंधरा वर्षांत तिथली वस्ती जवळजवळ पूर्ण बदलली. गोरी कुटुंबं गेली, मागोमाग दुकानं, मग कारखाने. ब्राक कंपनीचा चॉकलेट-गोळ्यांचा अवाढव्य कारखाना २००३ मध्ये बंद पडला. त्यातली एक इमारत पुढे एका बॅटमनपटात हॉस्पिटल म्हणून उडवून दिली. जगाने तो स्फोट टाळ्या वाजवत बघितला, ऑस्टिनमध्ये कुणाचे तरी वडील तिथे पंचवीस वर्षं पाळी करून आलेले असतील. २०१३ मध्ये शिकागोने एका दमात पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या. त्यातही ऑस्टिन होतंच.

लाट ऑस्टिन बुलेव्हार्डपर्यंत आली, तेव्हा ओक पार्कने काय केलं, ते मला अजूनही पुरतं पचलेलं नाही. पचलेलं नाही म्हणजे वाईट म्हणून नाही. एकाच वेळी इतकं शहाणं आणि इतकं धूर्त काही मी फारसं पाहिलेलं नाही.

१९६८ मध्ये गावाने घरांच्या व्यवहारात भेदभाव करायला बंदी घालणारा नियम केला. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड या बाईंनी हाउसिंग सेंटर काढलं. भाड्याने घर शोधणारा तिथे आला की त्याला सगळ्या गावातली घरं दाखवायची. पण गोऱ्याला हळूच पूर्वेकडच्या, वेशीजवळच्या इमारती आवर्जून दाखवायच्या आणि कृष्णवर्णीयाला पश्चिमेकडच्या. म्हणजे माणसं जिकडे आपसूक वळतात त्याच्या उलट दिशेला, सौजन्याने, चहापाणी करत वळवायचं. त्याच वर्षी दारात 'विकणे आहे' ची पाटी लावायला बंदी आली, कारण एका पाटीने घाबरून शेजारी दुसरी लावतो. १९७७ मध्ये न्यू जर्सीच्या एका गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशा बंद्या घटनाबाह्य ठरवल्या, तरी इथल्या एजंटांनी अनेक वर्षं आपखुशीने पाट्या लावल्या नाहीत. १९७५ मध्ये गावाचं नवं सरकारी कार्यालय मुद्दाम पूर्वेला, मॅडिसन स्ट्रीटवर बांधलं. आम्ही इथून हलणार नाही, असं इमारतीने सांगितल्यासारखं. आणि १९७८ मध्ये चक्क विमा: घराची किंमत पडली तर पाच वर्षांनंतर गाव नुकसानीच्या ऐंशी टक्के भरून देईल. दावा करायची वेळ कुणावरच आली नाही असं सांगतात. भीतीवर विमा काढला आणि भीतीच गेली.

पण त्याच दशकात गावाने आणखी एक गोष्ट केली. ऑस्टिनला मिळणाऱ्या बऱ्याच गल्ल्यांची तोंडं बंद केली. तुम्ही पूर्वेकडे गाडी चालवत येता, वेस पन्नास पावलांवर दिसते, आणि समोर येतो फुलझाडांचा एक ओटा, कठडा, बाक. फार सुरेख केलंय. पहिला उन्हाळाभर मला वाटायचं, मुलांना सायकल चालवायला किती छान सोय!

२०१६ च्या उन्हाळ्यात आई तीन महिने राहायला आली. तिला राइटच्या घरांत काडीचा रस नव्हता. तिसऱ्या दिवशी मॅडिसनच्या स्टॉपवर उभी राहून म्हणाली, "अगं, ती बस इथेच का वळते? पुढे जायचं असलं तर?" मी सांगितलं, शिकागोची वीस नंबरची बस ऑस्टिनपर्यंतच येते, पुढे उपनगरांची वेगळी कंपनी आहे. "म्हणजे आपला चेकनाकाच की," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिला या गावात काही समजावून सांगावं लागलं नाही.

वेशीपलीकडे, रस्त्याला लागूनच, कोलंबस पार्क आहे. डेन्मार्कहून आलेल्या येन्स येन्सेनने शंभर वर्षांपूर्वी आखलेलं. त्याला युरोपातल्यासारखी कापलेली हिरवळ नको होती, या प्रदेशाचं मूळचं गवताळ रूप हवं होतं. म्हणून तिथे प्रेअरीतल्या नदीसारखं लांबट वळणाचं तळं आहे, थर लावल्यासारखे दगड आहेत, त्यातून पाणी झिरपतं. दक्षिणेचा एक तुकडा पुढे एक्स्प्रेसवेने खाल्ला, त्याच एक्स्प्रेसवेने आमच्या गावाचीही दोन शकलं केली. असं बाग दारात असून आमच्या गल्लीतली बरीच मंडळी तिकडे फिरकत नव्हती. चालायचं झालं तर गाडी काढून पश्चिमेच्या बागेत जात. मीही चार वर्षांत दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा नवऱ्याबरोबर.

आई रोज सकाळी एकटी जायला लागली. फुलझाडांच्या ओट्याला वळसा घालून, स्पोर्ट्स शूज आणि सुती साडी. मी घाबरले, आणि कशाला घाबरतेय हे तिला सांगता येईना. शेवटी एके दिवशी मागोमाग गेले. ती तळ्याकाठी एका कृष्णवर्णीय आजोबांशेजारी उभी होती. त्यांच्या बादलीत दोन मासे. आमचं मूळ मालवणचं. मासा दिसला की आईला इंग्रजी येतं. "धिस, शिंगाळा," ती त्यांना सांगत होती. ते म्हणत होते, "कॅटफिश." मिशांवर दोघांचंही एकमत होतं. मग ते मक्याच्या पिठात घोळवून तळायचं सांगत होते आणि ती रव्याचं. मला दुभाषी म्हणून कामाला लावलं गेलं. तिरफळ कशाला म्हणतात ते मला आजतागायत नीट सांगता आलेलं नाही.

आजोबा १९७१ मध्ये, शाळेत असताना, आईवडिलांबरोबर ऑस्टिनमध्ये आले होते. आले तेव्हा गल्लीत बेसबॉलची टीम पुरी व्हायला गोरी मुलं होती, म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकही नाही. सुट्टी संपल्यासारखी गेली. मी माझी गल्ली सांगितली, तेव्हा हसले. "माहितीये. तिथून सायकल घेऊन आम्ही लेक स्ट्रीटच्या थिएटरला जायचो. मग एक दिवस बघतो तर फुलं." एवढंच. आवाजात कडवटपणा नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून तो ओटा मला दिसतो तसा दिसत नाही. ज्या गावाने एका हाताने दार उघडलं त्यानेच दुसऱ्या हाताने बोळ बुजवला, आणि कदाचित पहिलं जमावं म्हणूनच दुसरं केलं. गावाला आत मिसळ हवी होती, पण फक्त आपल्या मापाने. इथले जुने लोक म्हणतात, तसं केलं नसतं तर आम्हीही दहा वर्षांत गेलो असतो. असतीलही बरोबर. दक्षिणेला सिसेरोत बघा. १९५१ मध्ये हार्वे क्लार्क या बसचालकाचं कुटुंब तिथे भाड्याने राहायला आलं, तर हजारोंच्या जमावाने अख्खी इमारत फोडली. नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. तिथला टेलिफोनचा कारखाना, हॉथॉर्न वर्क्स, १९८३ मध्ये बंद पडला, कधी काळी चाळीस हजारांहून जास्त लोक होते तिथे. चेक कुटुंबं निघून गेली, मेक्सिकन आली, आणि आज सेर्माक रोडवर जी वर्दळ आहे, जे टाको मिळतात, त्यांपुढे ओक पार्कची कॅफेसंस्कृती मला तरी आजारी माणसाच्या पेजेसारखी वाटते. तिथे कुणी कुणाला हळूच वळवलं नाही. जे व्हायचं ते होऊ दिलं, आणि त्याची किंमत कुणी भरली तेही उघड आहे.

किमतीवरून आठवलं. अशा जुन्या, भरून गेलेल्या गावात राहण्याची किंमत बेसमेंटमध्ये मोजतात. नवी जमीन नाही, कारखाना नाही, मग कराचा सगळा बोजा घरांवर. कुक काउंटीचं बिल वर्षातून दोनदा येतं आणि दोन्हीदा नवरा नेपरव्हिलचं नाव काढतो. पाणी शिकागोकडून विकत घेतलेलं. पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच शंभर वर्षांच्या पाइपातून. १८ एप्रिल २०१३ च्या आदल्या रात्रभर पाऊस कोसळला आणि आमच्या बेसमेंटमध्ये जे वर आलं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी टाळते. रॉडिंगवाल्याने पाइपातून मेपलची मुळं काढली, वेणीएवढी जाड. सकाळी गल्लीत प्रत्येक घरापुढे भिजलेल्या गालिच्यांचा ढीग होता. नंतर कळलं, वेशीपलीकडेही तेच. पाइपांना वाटणीपत्र माहीत नसतं.

२०२३ मध्ये मुलुंडात एका मराठी बाईला मराठी म्हणून जागा नाकारली. केवढा गहजब झाला! आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसभर संताप. मीही दोन कडक मेसेज टाकले. रात्री आठवलं, आमच्याच सोसायटीत भाडेकरू ठेवायचा झाला की बाबा आधी आडनाव विचारायचे. आडनावावरून नाही कळलं, तर गाव. गावकुसाच्या आत-बाहेरचा हिशेब मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरही चालायचा, आणि चहा देताना मी तो ऐकत असायचे. ग्रुपवर ते लिहिलं नाही.

मागच्या महिन्यात एका मराठी जोडप्याचा फोन आला. नुकतेच आलेले, मुलगी चार वर्षांची, कुणीतरी आमचा नंबर दिला होता. "ताई, ओक पार्क कसं आहे?" मी तासभर बोलले. ज्युलियन, रेमंडबाई, विमा, शाळेतलं पोस्टर, आईचा शिंगाळा, सगळं. मुलगा मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने संकोचून विचारलं, "पण ताई, घर नक्की कुठल्या बाजूला बघायचं?"

"रिजलंडच्या पश्चिमेला बघा," मी म्हणाले.

ओट्याशी भांडी पुसणाऱ्या नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फोनवर तो मुलगा बायकोला सांगत होता, "लिही, रिजलंड. पश्चिमेला."